आजीचं बटण

खुब्याच्या ऑपरेशननंतर आजीला एकटीने पलंगावरून उतरायची परवानगी नव्हती. ती खाली, मी वरच्या खोलीत. तिची हाक वर ऐकू येत नव्हती, आणि अंधारात चष्मा शोधून फोन लावणं तिला जमत नव्हतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. म्हटलं, एक बटण, एक बझर, जिन्यातून एक लांब वायर. त्यात काय एवढं!

आर्डुइनो उनो घरात पडलेलाच होता. पण नुसतं बटण लावून माझं समाधान होईना. मग खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर आला, ते दाखवणारी छोटी स्क्रीन आली. प्रोग्राम असा: तापमान वाच, स्क्रीनवर दाखव, पाच सेकंद थांब, बटण दाबलंय का बघ, पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः बटण दाबून धरलं, बझर वाजला. झालं काम.

तिसऱ्या रात्री आईची रात्रपाळी होती. अडीचच्या सुमारास मी पाणी प्यायला खाली आलो, तर आजी टक्क जागी.

"तीनदा दाबलं रे," ती म्हणाली. "मग म्हटलं, झोपला असशील."

तिला बाथरूमला जायचं होतं. किती वेळ झाला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी चादर बदलली. आजी भिंतीकडे बघत होती.

बटण ठीक होतं, वायर ठीक होती. चुकला होता माझा प्रोग्राम. तो बटणाकडे पाच सेकंदांतून एकदा बघत होता, तेही काही मायक्रोसेकंद. मी बटण दाबून धरलं होतं. आजीचा अंगठा टेकायचा आणि लगेच उचलला जायचा.

सकाळी आई पोळ्या लाटत होती, शेजारी कुकर. ती दर मिनिटाला कुकरकडे बघत नाही. शिट्टी झाली की "दोन" असं पुटपुटते आणि तीच पोळी पुढे लाटते. मायक्रोकंट्रोलरमध्ये यालाच इंटरप्ट म्हणतात. वर्गात तो मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता.

उनोवर एटीमेगा३२८पी नावाची चिप असते. तिच्या २ नंबरच्या पिनवरचा व्होल्टेज पडला की चिपमधलं सर्किटच एक फ्लॅग वर करतं, प्रोग्राम काहीही करत असला तरी. चिप हातातली सूचना पूर्ण करते, पुढची कोणती होती तिचा पत्ता स्टॅकवर ठेवते आणि आपण नेमून दिलेल्या फंक्शनकडे उडी मारते. याला घड्याळाचे कमीत कमी चार ठोके लागतात. १६ मेगाहर्ट्झला म्हणजे पाव मायक्रोसेकंद. काम संपलं की पत्ता काढून जिथे होती तिथे परत.

मी हे लिहिलं आणि लगेच दुसरी चूक केली. त्या फंक्शनमध्येच बझर चालू केला, 'मिलिस' वापरून एक सेकंद वाट बघितली आणि मग बझर बंद. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात तो थांबेचना. इंटरप्टचं फंक्शन चालू असताना चिप बाकीचे इंटरप्ट रोखून धरते, आणि मिलिसचं घड्याळ टायमरच्या इंटरप्टवरच चालतं. त्यामुळे तो एक सेकंद कधी संपलाच नाही. खालून आजी ओरडली, "अरे, गप्प कर त्याला!" मी वायर उपटली.

तेव्हा कळलं की शिट्टी ऐकून आई कुकर उघडून डाळ घोटत बसत नाही. नोंद घेते आणि परत फिरते. आता माझं फंक्शन एका ओळीचं आहे: बझर चालू कर. तो बंद करायचं बटण माझ्या उशाशी, ३ नंबरच्या पिनवर. म्हणजे मी उठल्याशिवाय तो थांबत नाही.

सेन्सर वाचताना त्याची लायब्ररी काही मिलिसेकंद इंटरप्ट बंद ठेवते. तेवढ्यात आजीने बटण दाबलं तर? फ्लॅग वर राहतो, आणि इंटरप्ट सुरू झाले की चिप आधी तिकडे जाते. मात्र फ्लॅग एका बिटाचा असतो. बटण दाबलं एवढंच तो सांगतो, किती वेळा ते नाही. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. तिला तीनदा दाबावं लागू नये, एवढंच हवं होतं.

नवीन प्रोग्राम टाकला तरी आजी बटणाला हात लावेना. दोन दिवसांनी म्हणाली, "मी दाबलं की तुझा अभ्यास मोडतो ना?"

"नाही गं. कुठे थांबलो ते लिहून ठेवतो आणि येतो."

"आणि परत जाऊन तिथूनच सुरू?"

"तिथूनच."

त्या रात्री अकराला बझर वाजला. मी दोन-दोन पायऱ्या उतरत धावलो. आजी पलंगावर आरामात बसली होती.

"काही नाही रे," ती म्हणाली. "येतोस का बघितलं."