जुन्या खोक्याला दंड

आमच्या चिरंजिवांनी दसऱ्यालाच जाहीर केले, “बाबा, यंदा नवा गेमिंग कॉम्प्युटर!” किंमत ऐकून मी चष्मा पुसला, कान पुसून उपयोग नव्हता.

घरातला कॉम्प्युटर २०१४ सालचा. खेळ उघडेपर्यंत आमचा चहा होई, आणि खेळ रंगात आला, की चित्र थिजे. माझ्या खिशात होते बारा हजार. सौ.चे मत, लुगडे टाकण्याआधी दंड घालून पाहावा. तेव्हा धुळ्याहून एस.टी.ने, खोके मांडीवर घेऊन, बापलेक जळगावच्या गोलाणी मार्केटात पोचलो.

दुकानदाराने झाकण उघडले. आत निम्म्या खानदेशाची धूळ! “काका, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर. प्रोसेसर तापला, की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो.” त्याने धूळ उडवली, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. तिच्यात फिरती तबकडी नाही, म्हणून शोधाशोध झटपट. रॅमला जोडीदार मिळाला. सेकंडहँड जीटीएक्स १६५० कार्ड ७५ वॉटचे. जुन्याच पॉवर सप्लायवर भागले.

“मात्र विंडोज ११ ह्याला अधिकृतपणे चालत नाही,” त्याने बजावले, “आणि १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. खेळा खुशाल, बँकेचे व्यवहार ह्यावर नकोत.”

बाराशे उरले. मी ते खिशात घालणार, तोच चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, त्यांत चष्म्याच्या काचा बदला. पुसून पुसून चरे पडलेत.”