पहिल्या डोसाआधीचं रक्त

संपादकांनी लेख मागितला तो ‘आपले मित्र जिवाणू’ या विषयावर. दही, आंबवलेलं पीठ, आतड्यातली वस्ती, पहिल्या पावसात मातीला येणारा वास, असं काहीतरी, फराळासोबत वाचायला बरं. विषय माझ्या आवडीचा आहे. पण या पावसाळ्यात आलेली एक फाइल डोक्यातून जात नाही, आणि ती बाजूला सारून दह्यावर लिहिणं मला जमेना. म्हणून टायफॉइडवर लिहिते आहे, आणि सुरुवात करते टायफॉइड झालाच नव्हता अशा एका माणसापासून.

तासगावकडचा, द्राक्षबागेत काम करणारा, तिशीतला तरुण. संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, भूक गेली होती, वजन उतरत चाललं होतं. फाइलमध्ये वेगवेगळ्या गावांतल्या लॅबचे विडाल टेस्टचे रिपोर्ट होते आणि प्रत्येकावर लाल शाईनं गोल केलेला आकडा: 1:160. प्रत्येक रिपोर्टनंतर सलाइन आणि सेफ्ट्रायाक्सोनची इंजेक्शनं, पाच दिवस, कधी सात. ताप उतरायचा, माणूस घरी जायचा, दोन-तीन आठवड्यांत ताप परत. सोबत आलेला भाऊ म्हणाला, “टायफॉइड उलटतोय बघा मॅडम सारखा. हटतच नाही.”

ज्या फिजिशियनकडे तो शेवटी पोचला, त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि हृदयाच्या ठोक्यांमध्ये एक जादा आवाज ऐकला. त्यांनी अँटिबायोटिक थांबवलं, रुग्णाला दवाखान्यात नजरेखाली ठेवलं आणि काही दिवसांनी वेगवेगळ्या शिरांतून तीनदा रक्त घेऊन आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत कल्चरला, म्हणजे रक्तातला जिवाणू वाढवून बघायला, पाठवलं. तिन्ही वेळच्या बाटल्यांत वाढ झाली. ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या गोल जिवाणूंच्या साखळ्या, ब्लड अगारच्या प्लेटवर वसाहतींभोवती हिरवट कडा. हा तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या हिरड्यांशी असतो आणि तिथे काही त्रास देत नाही. या तरुणाच्या हृदयाची महाधमनीजवळची झडप जन्मतः तीनऐवजी दोन पाकळ्यांची होती. अशा झडपेवर तो घर करू शकतो. त्यानं तिथे घर केलं होतं आणि झडप कुरतडत होता.

आता हे जरा नीट बघा. सेफ्ट्रायाक्सोन टायफॉइडच्या जिवाणूला मारतं, तसंच या स्ट्रेप्टोकॉकसलाही मारतं. पण झडपेवर जिवाणू फायब्रिन आणि प्लेटलेट्सच्या गाठोळ्यात दडून असतात, तिथले सगळे मारायला साधारण चार आठवडे औषध चालू ठेवावं लागतं. पाच दिवसांत रक्तातले मरतात, ताप उतरतो, गाठोळ्यातले उरतात आणि पुन्हा वाढतात. म्हणजे प्रत्येक वेळी चुकीच्या निदानाला उपचारानंच दुजोरा मिळत गेला. विडालनं ‘टायफॉइड’ म्हटलं, टायफॉइडचं औषध दिलं, ताप गेला, मग शंका घेणार कोण? त्याला चार आठवडे योग्य उपचार मिळाले, जिवाणू गेले, पण झडप तोवर इतकी गळू लागली होती की ती बदलावी लागली. तो आज बरा आहे, हिंडतो-फिरतो. ती झडप मात्र वाचायला हवी होती.

विडालबद्दल मी बोलू लागले की आमच्या खात्यातली मुलं एकमेकांकडे बघतात, हे मला माहीत आहे. तरी बोलतेच. 1896 साली व्हिएन्नात माक्स ग्रूबर आणि हर्बर्ट डरॅम यांनी दाखवून दिलं की एखाद्या जिवाणूविरुद्ध तयार झालेलं रक्तद्रव त्याच जिवाणूत मिसळलं की जिवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. ओळखीचं रक्तद्रव घ्यायचं आणि अनोळखी जिवाणू ओळखायचा, अशी त्यांची दिशा. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांनी ती दिशा उलटी केली. जिवाणू ओळखीचा, रक्तद्रव रुग्णाचं. पुंजके झाले तर रुग्णाच्या शरीरात या जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. कल्पना फार सुंदर आहे, आणि रक्तातून जिवाणू वाढवणं अवघड होतं त्या काळात तिनं डॉक्टरांना मोठा आधार दिला. विडाल यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पुढे आपण त्यांच्या टेस्टचं जे केलं, त्यावर माझा राग आहे.

1:160 म्हणजे रक्तद्रव एकशेसाठ पट पातळ केलं तरी पुंजके दिसले. यात ‘ओ’ म्हणजे जिवाणूच्या भिंतीविरुद्धची प्रतिपिंडं आणि ‘एच’ म्हणजे त्याच्या शेपटीविरुद्धची, असे दोन आकडे असतात. पॅराटायफॉइडचे ‘एएच’ आणि ‘बीएच’ वेगळे. ‘ओ’चे रेणू टायफॉइडचा जिवाणू त्याच्या साल्मोनेला गोतातल्या इतर भावंडांशी वाटून घेतो, त्यामुळे भावंडाचा संसर्ग झाला तरी आकडा चढतो. ‘एच’ची प्रतिपिंडं आजार जाऊन वर्षं लोटली तरी रेंगाळतात, कृष्णेचा पूर ओसरला तरी भिंतीवर पाण्याची रेघ राहते, तशी. दुसऱ्याच कुठल्या तापातही जुनी प्रतिपिंडं पुन्हा वर येऊ शकतात. त्यामुळे आपल्याकडच्या धडधाकट, तापाचं नावही नसलेल्या लोकांतही 1:80 सहज सापडतं, काहींत त्याहून जास्त. उलट आजाराच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या टायफॉइडमध्येही विडाल निगेटिव्ह येते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. अर्थ लावायचाच असेल तर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा रक्त घ्यावं आणि आकडा चौपट वाढला का ते बघावं. असं दुसरं रक्त माझ्याकडे जवळजवळ कधीच येत नाही.

त्यात बहुतेक ठिकाणी होते ती काचपट्टीवरची झटपट टेस्ट. रक्तद्रवाचा थेंब, त्यात रंगवलेल्या जिवाणूंचा थेंब, मिनिटभर हलवायचं आणि डोळ्यांनी बघायचं. नळ्यांमधली, रात्रभर ठेवायची मूळ पद्धत करायला कोणाला सवड नाही. विडालच्या जागी आलेल्या नव्या कार्डटेस्ट झटपट आहेत, पण प्रतिपिंडांवर उभ्या असलेल्या कुठल्याही टेस्टची मर्यादा त्यांनाही आहेच.

आणि लोकांना काय वाटतं? 1:160 म्हणजे रक्तात तेवढे जंतू. 1:320 म्हणजे दुप्पट. बरं झाल्यावर पुन्हा टेस्ट करायची, आकडा खाली आला नाही तर ‘टायफॉइड अजून अंगात आहे’ म्हणून पुन्हा सलाइन. शिकलेली माणसं, शिक्षक, बँकेतले अधिकारी माझ्यासमोर बसून हे म्हणतात. पेशंटनं असं समजावं यात त्याचा काय दोष? त्याला तसंच सांगितलेलं असतं. विडालचा आकडा जंतू मोजत नाही आणि बरं झाल्याचा दाखलाही देत नाही. आमच्या रिपोर्टच्या तळाशी ही ओळ छापलेली असते. ती कोणी वाचतं असं मला दिसलेलं नाही.

2017 ते 2020 या काळात देशात टायफॉइड खरोखर किती आहे हे मोजण्याचं एक मोठं काम झालं. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू, अशा चार ठिकाणी मिळून सुमारे 24,000 मुलांवर लक्ष ठेवलं. ताप रेंगाळला की रक्त कल्चरला. विडालवर काहीच ठरवलं नाही. शहरी वस्त्यांमध्ये टायफॉइडचा दर फार मोठा निघाला. वढूच्या ग्रामीण भागात मात्र तो या शहरी ठिकाणांच्या मानानं अगदीच थोडा. महाराष्ट्राच्या एका ग्रामीण टापूत नीट शोधूनही टायफॉइड इतका कमी सापडतो, आणि आपल्या तालुक्यांच्या गावी पावसाळ्यात प्रत्येक घरात कोणी ना कोणी ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असतं. आजार विरळ असेल तिथे अशा सैल टेस्टचे बहुतेक पॉझिटिव्ह खोटेच निघणार, हे साधं गणित आहे. मग त्या घरांमधले ताप कसले होते? डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, क्षय, क्वचित त्या तरुणासारखी झडप. शोधलंच नाही तर कळणार कसं?

ब्लड कल्चर हे माझं काम, आणि त्याचा मला अभिमान आहे. टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात बहुतेकदा जेमतेम एखादा जिवंत जिवाणू असतो, तोही बऱ्याचदा पांढऱ्या पेशीच्या आत. म्हणून दोन मिलिलिटर रक्त पाठवून कल्चर मागणं म्हणजे तो हुकण्याची तयारीच. मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलिलिटर हवं. नातेवाईक कुरकुरतात, “आधीच रक्त कमी आहे, आणखी किती काढणार?” मी समजावते, दर वेळी. रक्त पौष्टिक द्रवात जातं, पातळ होतं, त्यामुळे रक्ताची स्वतःची जिवाणू मारण्याची ताकद आणि चुकून आधी दिलेलं औषध दोन्हींचा जोर कमी होतो. जिवाणू वाढू लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि यंत्र बाटलीच्या बुडाचा बदललेला रंग टिपतं. बहुधा एक-दोन दिवसांत. मग सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी काड्या, मॅककॉन्की अगारवर फिक्या, पारदर्शक वसाहती, टीएसआय या माध्यमाच्या नळीत तळ पिवळा, उतार लाल आणि दोहोंच्या सीमेवर काळ्या रंगाची एक बारीक रेष. ती रेष दिसली की मला आजही बरं वाटतं. शेवटी ग्रूबरच्या मूळ दिशेनं, म्हणजे ओळखीच्या रक्तद्रवानं, खात्री करतो. त्याच 1896च्या शोधाची ही बाजू आम्ही रोज वापरतो आणि तिच्यावर विसंबतो.

कल्चरनं जिवाणू हातात येतो. मग कुठलं औषध त्याला मारतं हे प्लेटवर प्रत्यक्ष बघता येतं. 1948 साली क्वालालंपूरला अमेरिकी डॉक्टर क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध स्क्रब टायफसवर तपासायला गेले, तेव्हा त्यांच्या रुग्णांपैकी काहींना टायफॉइड निघाला आणि तेही बरे झाले. टायफॉइडवरच्या औषधोपचाराची सुरुवात ही अशी, नेमकं निदान हातात होतं म्हणून कळलेली. 1972 साली केरळात कालिकतला त्याच औषधाला न जुमानणारा टायफॉइड पसरला. पुढे अँपिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. 2016 साली पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रायाक्सोनलाही दाद न देणारा जिवाणू निघाला आणि तोंडानं घ्यायच्या औषधांत बहुतेक अझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. आपल्याकडे उलट क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमॉक्साझोल पुन्हा लागू पडताना दिसतं आहे. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी रक्त कल्चरला पाठवलं म्हणून कळली. विडालच्या कागदावर यातलं काही उमटत नाही. नवी मुंबई महापालिकेनं 2018 साली मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेत दिली, जगात पहिल्यांदा. दुसऱ्या कुठल्या शहराला ती द्यावी हे ठरवायचं तर तिथले खरे आकडे हवेत, आणि ते बाटलीतूनच येणार.

आता माझ्या मनातली शंकाही लिहिते. कल्चर टायफॉइडच्या निम्म्याच्या थोड्या वर रुग्णांतच जिवाणू पकडतं. अस्थिमज्जेचं कल्चर जास्त पकडतं, पण प्रत्येक तापाला हाडात सुई कोण घालणार? म्हणजे माझा निगेटिव्ह रिपोर्ट ‘टायफॉइड नाही’ असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. जतकडच्या एका डॉक्टरांनी मला विचारलं, “मॅडम, पेशंट दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. तुमचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. आज मी त्याला काय सांगू?” त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि त्याला मोठ्या शहरातल्या परिषदांमध्ये मिळणारं उत्तर त्यांच्या कामाचं नाही.

मी त्यांना एवढंच म्हटलं: थांबू नका. ताप चार-पाच दिवसांचा असेल, मलेरिया-डेंग्यू तपासून झालं असेल, टायफॉइडचा दाट संशय असेल, तर आजच औषध सुरू करा. फक्त पहिल्या डोसाआधी रक्त बाटलीत घ्या, आणि ताप आठवड्याहून जास्त चालला असेल, परत परत येत असेल, तर एकदा नाही, दोन-तीनदा, वेगवेगळ्या शिरांतून. छाती ऐका. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, सावलीत खोलीच्या तापमानाला ठेवायची आणि संध्याकाळच्या एसटीनं पाठवायची. सांगलीत पोचली की रात्रीच यंत्रात जाते. तिसऱ्या दिवशी काही सापडलं तर औषध बदला किंवा चालू ठेवा. नाही सापडलं तर पेशंटकडे पुन्हा बघा.

ते म्हणाले, बाटल्या महाग पडतात, पेशंट आधी पैसे देत नाही. तेव्हापासून आम्ही त्यांच्या दवाखान्यात रिकाम्या बाटल्या ठेवतो आणि जी भरून येईल तिचेच पैसे घेतो. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या ज्या डॉक्टरांना हे हवं असेल, त्यांनी कळवावं. विडालचा फॉर्म मात्र मी सोबत पाठवत नाही.