केळझरचा माळ आणि पंपास

दोस्तांनो, नागपूरहून वर्ध्याला जाताना वाटेत केळझर लागतं. सेलू तालुक्यातलं हे गाव टेकडीवरच्या गणपतीसाठी प्रसिद्ध. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, भीमानं बकासुराला इथंच लोळवलं, असं जुनी माणसं सांगतात. पण आज आपण बघायचंय ते या भागातल्या माळावरचं गवत!

"गवतात काय बघायचं?" असं म्हणाल. मग आधी दक्षिण अमेरिकेत चला. अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये मैलोन् मैल गवताळ मैदान पसरलंय. त्याचं नाव पंपास. तिथं शहामृगासारखा ऱ्हिया पक्षी धावतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गाईघोडे आणले. ते मोकाट वाढले आणि त्यांच्यामागे घोडा दौडवणारे 'गाउचो' गुराखी तयार झाले. एकोणिसाव्या शतकात तारेची कुंपणं, आगगाडी आणि गव्हाची शेती आली. पुढे सोयाबीन आलं. मूळचं गवत आता थोडंच उरलंय.

आणखी एक गंमत! ब्राझीलच्या कुरणांत चरणारी पांढरी 'नेलोर' गुरं मूळची भारतातली, आंध्रातल्या ओंगोल जातीची.

तशीच पांढरी, हलक्या अंगाची आणि चपळ जात वर्धा जिल्ह्याचीही आहे, गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या गवळ्यांनी ती माळावर चारून जपली. कुसळी, पवन्या, मारवेल ही तिची शिदोरी.

गवताची वाढ बुडाशी होते. म्हणून गुरांनी शेंडे खाल्ले तरी ते पुन्हा फुटतं. त्याची मुळं माती धरून ठेवतात, पावसाचं पाणी जिरवतात. जवळच्या बोर अभयारण्यात तर गवतावर चितळ-नीलगाई जगतात आणि त्यांच्यावर वाघ. 2014 साली बोर व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या मुळाशीही गवतच आहे.

तरी आपण माळाला 'पडीक' म्हणून मोकळे होतो! विदर्भात गावाच्या चराऊ जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. ती नांगरली, तिच्यावर घरं उठली, की गवळ्यानं गुरं न्यायची कुठं? चारा विकत घेणं परवडेना झालं, की गाई विकाव्या लागतात. अशानं माळाबरोबर गवळाऊही जाईल.

तुमच्या गावची चराऊ जमीन कुठं आहे? आजोबांना विचारा. पूर्वी ती कुठपर्यंत होती, हेही विचारा. आणि आईबाबांना घेऊन एकदा तिथं जाऊन या.