दुसऱ्याच्या अंगणातला डाव

१९७२ च्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव २३ जुलैला आइसलंडमधल्या रेक्याविक शहरात झाला. बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की तेव्हा अडीच-अडीच गुणांवर होते. पांढरी मोहरी फिशरकडे होती. राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे, ही त्याची जवळजवळ ठरलेली पहिली चाल. त्या दिवशी मात्र त्याने वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे सरकवले. तिसऱ्या चालीला वजिरासमोरचेही आले आणि डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये शिरला. स्पास्कीने आपला हुकमी टार्टाकोव्हर बचाव उभा केला. त्यात तो तोवर हरला नव्हता, असे सांगतात. स्वतःचे अंगण सोडून फिशर प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात उतरला होता, आणि तेही जगज्जेतेपद पणाला लागलेले असताना!

सुरुवातीलाच एकेक उंट आणि एकेक घोडा पटावरून गेला. चौदाव्या चालीला फिशरने उंट बी-५ वर आणला. त्यानंतरच्या मारामारीत काळ्याची सी आणि डी पट्टीवरची दोन प्यादी शेजारी-शेजारी उरली; त्यांना आधार द्यायला दोन्ही बाजूंना एकही प्यादे नाही. अशी जोडी पुढे सरकली तर दरारा निर्माण करते, थबकली तर ओझे होते. इथे ती ओझे झाली. विसाव्या चालीला फिशरने राजाचे प्यादे ई-४ वर आणताच स्पास्कीने डी-प्यादे पुढे ढकलले. हीच चूक भोवली. सी-४ हे घर पांढऱ्या उंटाला आयते मिळाले आणि तिथून काळ्या राजाच्या दिशेने जाणारा कर्ण त्याच्या ताब्यात आला. पुढे हल्ला कुठेच घाईचा वाटत नाही. काळा वजीर डी-८ आणि ई-८ या दोन घरांत येरझाऱ्या घालत राहिला, फिशर एकेक मोहरे नीट लावत गेला. अडतिसाव्या चालीला त्याने हत्ती देऊन घोडा मारला, राजासमोरची फळी फुटली आणि एक्केचाळिसाव्या चालीला स्पास्कीने डाव सोडला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात स्पास्कीही सामील झाला.

बी-५ ची ती चाल नवी नव्हती. १९७० मध्ये फुरमनने ती गेलरविरुद्ध खेळून डाव जिंकला होता, आणि रेक्याविकला हाच गेलर स्पास्कीचा सहायक होता. १९७३ मध्ये हिल्वर्सम येथे टिमनने तीच चाल केली, तेव्हा गेलरने वजीर बी-७ वर नेऊन उत्तर दिले आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला.