शेवटच्या ओळीतलं मराठी

कर्नाटक संगीताच्या मैफिलीत शेवटी ज्या लहान रचना गातात त्यांना 'तुक्कडा' म्हणतात. आपल्या ओळखीचाच तुकडा, फक्त दक्षिणेत त्याचा क दुप्पट झाला. वर्णम्, कृती, रागम्-तानम्-पल्लवी, मृदंगाचं तनि आवर्तनम् असं भरगच्च जेवण झाल्यावरचा हा विडा. गेल्या काही दशकांत या विड्याच्या तबकात मराठी अभंग येऊन बसला आहे. ज्याच्या नावातच न भंगणं आहे, तो बंगळूरच्या सभांमधून तुकडा म्हणून गायला जातो, आणि लोक तासन्‌तास त्याचीच वाट पाहत बसतात.

ही वाट पाहायला लावणाऱ्यांत अरुणा साईराम यांचं नाव आधी घ्यावं लागेल. जन्म मुंबईतला, 1952चा. घर तमिळ, आईकडून आणि पुढे टी. बृंदा यांच्याकडून मिळालेली तालीम अस्सल कर्नाटकी, पण खिडकीबाहेरचं शहर मराठी. पुढे त्यांनी फ्रान्सच्या डॉमिनिक व्हेलार्ड यांच्या ग्रेगोरियन गायनाशेजारीही आपला आवाज ठेवून पाहिला. 2011 साली त्या लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात गायल्या आणि 2018 साली मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने त्यांना 'संगीत कलानिधी' केलं. इतक्या दूरवर जाऊन आलेल्या गायिकेकडे चामराजपेठेतला श्रोता चिठ्ठी पाठवून मागतो काय, तर ऊत्तुक्काडु वेंकटकवींचा कालिंगनर्तन तिल्लाना आणि नामदेवांचा अभंग.

मी कोरमंगलात राहते. आमच्या भागात संध्याकाळी जे कानावर पडतं ते बहुतेक दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्यांचे हॉर्न. गाणं ऐकायला गावाच्या जुन्या भागात जावं लागतं. रामनवमीच्या सुमारास श्रीरामसेवा मंडळीचा उत्सव असतो. 1939पासून चालत आलेला, फोर्ट हायस्कूलच्या मैदानातल्या मांडवात भरणारा. इमारतीतल्या चार-पाच जणी मिळून टॅक्सी करतो आणि लालबागच्या कडेने, मिनर्व्हा सर्कलच्या गर्दीतून तिथे पोचतो. पुढाकार मामींचा. मामी म्हणजे तळमजल्यावरच्या, पालघाटच्या. वयाची सत्तरी ओलांडलेली, आणि अरुणा साईरामांचं गाणं असलं की गुडघेदुखी विसरणारी बाई.

या श्रोत्यांचे हात बघण्यासारखे असतात. मैफिलभर ते मांडीवर आदि ताल मोजतात: एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. शेकडो माणसं मनातल्या मनात हिशेब करत असल्यासारखी. अभंग सुरू होतो, बाई ते एक नाव घोळवत लय चढवत नेतात, मृदंग भजनी ठेक्यावर येतो आणि बोटं मोजायची थांबतात. तळवे एकमेकांवर येतात. हिशेब करणारी सभा भजनाला बसते. आपल्याकडे मैफिलीत 'वा' म्हणायची पद्धत आहे. इथे दाद म्हणजे सामील होणं.

मी मात्र पहिली काही वर्षं सामील होऊ शकले नाही. अर्थावर पोट भरणारी बाई मी, कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. आजूबाजूची माणसं ज्या भाषेवर टाळ्या वाजवत होती ती त्यांना येत नव्हती, आणि ज्या एकटीला येत होती तिचे हात मांडीवर. शब्द कळल्याशिवाय ही माणसं इतकी हलत असतील, तर मी वीस वर्षं करते त्या कामाची गरज नेमकी कुणाला आहे?

याचं सोपं उत्तर इतिहासात मिळतं. हा पाहुणा दक्षिणेला नवा नाही. तंजावरला 1855पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं. तिथे गेलेल्या कीर्तनकारांकडून दक्षिणेच्या हरिकथेने साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सारं घेतलं. कर्नाटक संगीताचे पितामह मानले गेलेले पुरंदरदास आपल्या पदांवर 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा उमटवतात. ज्ञानदेवांनी तर देवालाच कानडा ठरवलं, आणि रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या 1984च्या ग्रंथात त्या कानडेपणाचा माग काढला. शिवाय माझ्या पिढीच्या कानात हे अभंग कुणी घातले? भीमसेन जोशींनी. गदग जिल्ह्यातला, घरात कन्नड बोलणारा माणूस. आम्ही मराठी माणसांनी अभंग एका कानडी गळ्यातून घेतला. आता कानडी माणसं तो मुंबईत वाढलेल्या तमिळ गळ्यातून घेताहेत. तक्रार कुणी कुणाकडे करायची?

पण इतिहासाने माझा प्रश्न सुटत नव्हता. तो सुटायला लागला तो अभंगाच्या शब्दांकडे पाहताना. नामदेवांच्या या अभंगात, शेवटची ओळ येईपर्यंत, क्रियापदच नाही. नुसती नामं: नात्यांची, पूजेची, पवित्र स्थळांची, आणि प्रत्येकाशेजारी ते एक नाव. माता, बंधू, गुरू, क्षेत्र हे शब्द कन्नड, तेलुगू, तमिळ श्रोत्याच्या घरातलेच. म्हणजे सभेला काही कळत नव्हतं हे माझं म्हणणंच खरं नव्हतं. तिला जवळजवळ सगळं कळत होतं. अनुवादकाला इथे खरंच काम नव्हतं.

काम होतं फक्त शेवटच्या ओळीत. तिथे नामा बोलू लागतो आणि पहिल्यांदा एक क्रियापद येतं: सापडला. तोवरची यादी कशामुळे निघाली ते त्या शब्दाने उलगडतं. ज्याला तो सापडला आहे त्यालाच सगळीकडे तो दिसणार. आणि नेमक्या त्याच ठिकाणी सभा शब्द सोडून सुरावर तरंगत पुढे जाते. टाळ्या जोरात असतात, पण अभंग जिथे मराठी होतो तिथे तो कानांवरून निघून जातो.

कोरमंगलात परतल्यावर याला निमित्त मिळालं. आमच्या इमारतीत शनिवारी संध्याकाळी भजन असतं. मामींनी रेकॉर्डिंग ऐकून सगळा अभंग तमिळ लिपीत उतरवून घेतला आणि तपासायला माझ्याकडे आणला. मला तमिळ वाचता येत नाही, म्हणून त्या वाचत होत्या आणि मी ऐकत होते. तमिळ लिपीत प, फ, ब, भ यांना एकच अक्षर. त्यामुळे कागदावर अभंग आणि अपंग यांत फरक नाही, असं त्यांनीच हसत सांगितलं. नामांपर्यंत सगळं सुरळीत. शेवटच्या ओळीशी थांबून म्हणाल्या, "हे काय आहे? इथे त्या आवाज खाली आणतात. काहीतरी असणार."

शब्द कळत नसताना शब्दाची जागा त्यांना गाण्यातून कळली होती. रसिक रसिक म्हणतात तो हाच.

आम्ही बोलतो कन्नड आणि इंग्रजीच्या मिसळीत, तेव्हा हाताशी इंग्रजी होती. पण इंग्रजीत 'मी शोधलं' असा कर्ता पुढे उभा राहतो. त्यात नाम्याचा पराक्रम दिसतो. मराठीत सापडणारी वस्तूच कर्ता असते, मी नुसती 'मला' म्हणून बाजूला उभी. मला पुस्तक सापडलं. कन्नडमध्ये अगदी हेच: ननगे पुस्तक सिक्कितु. मी तसं म्हणताच मामींनी तमिळ पुढे केलं, "एनक्कु किडैच्चुदु!" तीन भाषांमध्ये माणूस तसाच बाजूला उभा. शिवाय चोर सापडतो तसा कन्नडमध्ये कळ्ळही सिक्कीबीळतो. म्हणजे हरवलेलं गवसणं आणि पळणारा हाती लागणं, दोन्ही एकाच क्रियापदात. पंढरीच्या देवाला दोन्ही शोभतं.

कागदावर मी अर्थ लिहिला नाही. त्या एका शब्दाखाली 'सिक्किद' लिहिलं, आणि मामींनी शेजारी आपलं तमिळ जोडलं. बाकीची ओळ, कळिकाळाला न जुमानण्याची, तोंडी सांगितली.

आता शनिवारी तो अभंग म्हटला जातो तेव्हा सूर कधी कधी वर-खाली होतात, पेटी मागे राहते. पण शेवटच्या ओळीला सगळ्याजणी आपणहून लय थोडी धरून ठेवतात, आणि 'सापडला' म्हणताना तमिळ, कन्नड, तेलुगू बायकांचा ड थोडा जास्तच ठसठशीत होतो. त्यांच्यात माझेही तळवे वाजत असतात.