रॉबिनची दोन वर्षं

रॉय रॉजर्स आणि डेल एव्हान्स ही जोडी १९५० साली अमेरिकेत घरोघरी ठाऊक होती. तो पडद्यावरचा ‘काउबॉयांचा राजा’, ती त्याच्या बरोबरीने घोडा फेकणारी, गाणी रचणारी, गाणारी नायिका. त्याच्या ट्रिगर नावाच्या घोड्याचंही पोरांना कोण वेड! त्या वर्षी २६ ऑगस्टला त्यांना मुलगी झाली. रॉबिन एलिझाबेथ. तिला डाऊन सिंड्रोम होता आणि हृदयातही जन्मजात दोष होता. डॉक्टरांनी त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे सल्ला दिला की, हिला एखाद्या संस्थेत ठेवा, फार लळा लागायच्या आत.

रॉय आणि डेल तिला घरी घेऊन आले.

घरात रॉयची आधीची तीन मुलं होती. त्यांची आई, रॉयची आधीची पत्नी, धाकट्याच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली होती. डेलचा पहिल्या लग्नाचा मुलगा टॉम तोवर मोठा झाला होता. त्यानेच आईला पुन्हा चर्चची वाट दाखवली होती. डेलचा हा नव्याने जागा झालेला विश्वास जेमतेम अडीच वर्षांचा. अजून कोवळाच म्हणायचा. त्याच्यावर हा भार येऊन पडला.

आणि भार साधा नव्हता. आज हृदयाला छिद्र असलेल्या बाळाचं ऑपरेशन मोठ्या शहरांत रोज होतं. तेव्हा तसं नव्हतं. बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी १९४४ साली निळसर पडणाऱ्या बाळांसाठी हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या होत्या. पण हृदय उघडून आतलं छिद्र बुजवणं अजून कुणाला जमलेलं नव्हतं. ते जमू लागलं १९५२ च्या अखेरीपासून १९५४ पर्यंतच्या काळात. मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी बापाच्या शरीरातून बाळाचं रक्त फिरवत, बापाच्या हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या जोरावर, बाळाचं हृदय उघडलं. ते पहिलं बाळ पुढे थोड्याच दिवसांत गेलं, पण वाट उघडली. रॉबिनच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. साधी सर्दीही तिच्यासाठी संकट होती.

१९५२ च्या उन्हाळ्यात तिला गालगुंड झाले. गालगुंडाची चांगली लस बाजारात यायला अजून पंधरा वर्षं होती. आजार मेंदूपर्यंत गेला आणि २४ ऑगस्टला रॉबिन वारली. दोन दिवसांनी, तिच्या दुसऱ्या वाढदिवशी, तिला मूठमाती दिली.

प्रार्थना झाल्या नव्हत्या का? झाल्या होत्या, मनापासून झाल्या होत्या. बाळ बरं झालं नाही. ख्रिस्ती घरात आजारी बाळ असलं की खरी परीक्षा इथे सुरू होते, कारण बरं झालेल्या बाळाची साक्ष द्यायला मंडळीत जागा असते आणि न झालेल्याच्या आईला कुठे बसावं ते कळत नाही. कुणी म्हणतं, विश्वास कमी पडला असेल. कुणी काही बोलत नाही, पण नजरेनेच विचारतं की, घरात काही झालं होतं का?

हा प्रश्न जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाकडे बघून शिष्य येशूला तोच विचारतात. पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. इतकं स्पष्ट उत्तर दिलेलं असूनही दोन हजार वर्षं लोक तो प्रश्न घेऊन पाळण्याजवळ येत राहिले. विज्ञानाच्या नावानेही आले. डाऊन सिंड्रोमचं मूल म्हणजे आईबापांपैकी कुणाला तरी गुप्तरोग असणार, बाप दारू पीत असणार, असा संशय शिकलेली माणसंही घेत. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, रेमों त्युरपँ आणि जेरोम लजून यांनी १९५९ मध्ये जाहीर केलं की या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात. एक जास्तीचं गुणसूत्र, बस. कुणाचं पाप नाही. लजून स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. सूक्ष्मदर्शकातून दिसलेली ही गोष्ट त्या नवव्या अध्यायाच्या किती जवळ जाते!

रॉबिन गेल्यानंतर डेलने पुस्तक लिहिलं, ‘एंजल अनअवेअर’. ते १९५३ साली निघालं. त्यात रॉबिनच स्वर्गातून देवाला आपल्या दोन वर्षांची हकिगत सांगते. आईबापांना देवाजवळ आणायला आपल्याला धाडलं होतं, असा तिच्या बोलण्याचा सूर. या विचाराने डेलला उभं राहायला बळ दिलं, आणि तिने तो स्वतःच्या दुःखातून कमावला होता, तेव्हा तो तिच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये. पण तोच विचार शेजारणीच्या तोंडून दुसऱ्या आईला ऐकवला गेला तर छातीवर धोंडा ठेवल्यासारखा होतो. मोठ्यांना शहाणपण यावं म्हणून लेकराने दोन वर्षं धाप सोसायची? असा देव येशूच्या बापाशी जुळत नाही.

पुस्तकाचं मोठेपण दुसरीकडे आहे. अशी मुलं मागच्या खोलीत लपवली जात त्या काळात एका प्रसिद्ध बाईने आपल्या मुलीचं नाव, तिचं दुखणं, तिचं हसणं सगळं उघड लिहिलं. मानधन तिने मतिमंद मुलांच्या पालकांनी नुकत्याच उभारलेल्या राष्ट्रीय संघटनेला दिलं. ओक्लाहोमा सिटीत त्याच वर्षी अशा मुलांसाठी सुरू झालेल्या केंद्राला डेलचं नाव मिळालं. ते आजही चालू आहे.

फ्रान्समध्ये सेनापती शार्ल द गॉल आणि इव्हॉन या कॅथलिक दांपत्यानेही आपल्या मुलीला असंच घरी ठेवलं होतं. त्यांची आन १ जानेवारी १९२८ ला जन्मली, तिलाही डाऊन सिंड्रोम. सेनापती कुठेही असो, आन घरातच वाढली. एरवी ताठ, अबोल असलेला तो माणूस तिच्यासाठी गाणी म्हणे. १९४८ साली, विसाव्या वर्षी, ती न्यूमोनियाने गेली. तिच्या नावाच्या प्रतिष्ठानाने पॅरिसजवळ अशा मुलींसाठी घर चालवलं. कोलोंबे गावच्या दफनभूमीत आईबाप तिच्याच शेजारी विसावले आहेत.

आपल्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत, सप्टेंबरात, मेणाचे हात, पाय, हृदयं आणि मेणाची बाळं विकायला असतात. बाळ घेऊन डोंगर चढणारी बाई कुठल्याही धर्माची असू शकते. तिला अंधश्रद्ध ठरवण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा तिच्या पिशवीत इकोचा रिपोर्टही असतो.

नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात मात्र मेणबत्ती पेटवता येत नाही. तिथे कॅथलिक परंपरेतला एक नियम फार मोलाचा ठरतो. बाळाचा जीव धोक्यात असेल आणि धर्मगुरू वेळेत पोचणार नसतील, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. रात्रपाळीची हिंदू किंवा मुसलमान नर्ससुद्धा. थोडं पाणी, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव, आणि मंडळीला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू, एवढं पुरतं.

ज्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही त्या आया शतकानुशतकं भीतीत जगल्या. बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ स्वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहतं, ही ठरलेली धर्माज्ञा कधीच नव्हती, पण शिकवली जात होती. कित्येक ठिकाणी अशा बाळांना पवित्र जमिनीत पुरूही देत नसत. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने म्हटलं, ते २००७ मध्ये. फार उशीर झाला. तोवर किती आया हा घोर मनात घेऊनच गेल्या.

रडायला आणि देवाशी भांडायला तर बायबलातच जागा आहे. ८८ वं स्तोत्र काळोखातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकातून कुणी काढून टाकलेलं नाही. आणि दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते त्यांनी कारणं सांगायला तोंड उघडल्यावर. देव शेवटी रागावला तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही.

म्हणून मंडळीतल्या भावाबहिणींना एक विनंती आहे. अशा घरी जाल तेव्हा कारण सांगू नका, दुसऱ्या कुणाच्या चमत्काराची गोष्टही सांगू नका. मोठ्या भावंडाला शाळेत पोचवा, डबा द्या, रक्त लागणार असेल तर द्या, हॉस्पिटलच्या बाकावर एक रात्र बसा म्हणजे आईला झोपता येईल. प्रार्थना करायची तर बाळाचं नाव घेऊन करा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.