पलासिया आणि नखाएवढी कोठी

पलासिया हे नाव ऐकले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे फुललेल्या पळसाचे रान उभे राहावे. प्रत्यक्षात येथे आग्रा-मुंबई रस्ता आणि महात्मा गांधी मार्ग एकमेकांस भेटतात, आणि चौकात उभ्या राहणाऱ्यास दिसतो तो वाहनांचा अखंड ओघ. राजवाडा, सराफा, रामबाग हे आमचे जुने इंदूर. पलासिया हे पूर्वेकडे वाढलेले इंदूर. त्यातही ‘ओल्ड पलासिया’ आणि ‘न्यू पलासिया’ असे दोन भाग आहेत. खवय्यांचे प्रसिद्ध ‘छप्पन दुकान’ न्यू पलासियात. २०२० साली त्याचे नवे रूप सिद्ध झाले आणि वाहनांच्या जाचातून तो रस्ता मोकळा झाला. जुने आणि नवे अशा रीतीने शेजारी नांदत असलेल्या या वस्तीत माझे काम होते तेही जुन्या-नव्याचा मेळ घालण्याचेच.

आमच्या मावशींचे वय आता अठ्ठ्याऐंशी. होळकरी राज्याच्या अखेरच्या दिवसांतील त्यांचे बालपण, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या, हे सारे त्या हिंदी वळणाच्या परंतु अस्सल मराठमोळ्या भाषेत सांगतात. हा आवाज जपून ठेवावा असे घरात सर्वांच्या मनात आले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेला, मुठीत मावणारा एक रेकॉर्डर उत्तम स्थितीत होता. मात्र त्यातील मेमरी कार्ड निकामी झाले होते. तेवढे नवे घ्यायचे, एवढाच प्रश्न होता.

चौकानजीकच्या एका दुकानातील तरुणाने काचेखालून कार्डांची रांगच मांडली. “सर, चौसठ जीबी ले जाओ, जगह कभी कम नहीं पड़ेगी!” असा त्याचा प्रेमळ आग्रह. किमतीतही फारसा फरक नव्हता. पण रेकॉर्डरसोबतची पुस्तिका मी बरोबर नेली होती आणि तीत ३२ जीबी ही मर्यादा स्वच्छ छापलेली होती.

ही मर्यादा का असते, हे वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे. एसडी जातीचे कार्ड १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून पुढे आणले. नखाएवढे मायक्रोएसडी त्यानंतर आले. त्याची लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ आणि जाडी अवघी १. आकार तोच राहिला, तरी पोटातील व्यवस्था पिढी-पिढीने बदलत गेली. पहिली पिढी साधी एसडी, ती २ जीबीपर्यंत. २००६ साली एसडीएचसी आली, ती ३२ जीबीपर्यंत. २००९ साली एसडीएक्ससी आली. तिची मजल २ टीबीपर्यंत, म्हणजे सुमारे दोन हजार जीबी. ही अक्षरे कार्डावर छापलेली असतात. प्रत्येक पिढीची नोंदवही लिहिण्याची पद्धत निराळी. नव्या यंत्रास सामान्यतः जुने कार्ड वाचता येते. जुन्या यंत्रास मात्र नव्या कार्डाची नोंदवही उलगडत नाही. कार्ड खाचेत चपखल बसते, आणि तरीही यंत्र ‘कार्ड नाही’ असेच म्हणत राहते!

दुसरी गोष्ट वेगाची. कार्डावर वर्तुळात ४, ६, १० असे आकडे असतात. ४ म्हणजे दर सेकंदाला किमान ४ एमबी लिहिण्याची हमी. उच्च प्रतीच्या चलच्चित्रणासाठी अधिक वेग लागतो. बोलण्याच्या मुद्रणास याचा अल्पसा अंशही पुरतो. तेव्हा आवाजासाठी वेगाचे जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट गरजेची. दोन्ही कानांसाठी पूर्ण शुद्धतेने मुद्रण केल्यास तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबीत पन्नास तास. आटोपशीर एमपीथ्री पद्धतीने, १२८ केबीपीएसने केल्यास पाचशे तासांहून अधिक. मावशींच्या साऱ्या आठवणींस एवढी कोठी पुरून उरावी.

चौथी गोष्ट सावधगिरीची. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डेही मिळतात. अंगावर आकडा मोठा आणि पोटात जागा थोडी. ती भरली की पुढचे मुद्रण नाहीसे होते. म्हणून ओळखीच्या दुकानातून पावतीसह कार्ड घ्यावे, घरी संगणकावर ते काठोकाठ भरून पाहावे आणि सर्व फाइली पुन्हा उघडतात की नाही याची खात्री करावी. त्यानंतर यंत्रातच ते एकदा फॉरमॅट करावे. तसे केल्याने जुना मजकूर पुसला जातो, हे मात्र ध्यानी असावे.

मी ३२ जीबीचे एसडीएचसी कार्ड घेतले. आजवर मावशींच्या बोलण्याचे सोळा तास त्यात जमा झाले आहेत, आणि दर रविवारी त्याची एक प्रत संगणकावर व दुसरी मुलीकडे पुण्यास जाते. कार्डातील मजकूर सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहतो. वर्षानुवर्षे नुसते पेटीत ठेवल्यास तो भार ओसरू शकतो. एकाच कोठीवर विसंबणे धोक्याचे.

या साऱ्या खटाटोपात एक विचार मनात रुजला. साठवणे निराळे आणि जपणे निराळे. होळकर दरबाराची मोडीतील कागदपत्रे आजही आहेत. शाई टिकली, कागद टिकला, परंतु वाचणारे डोळे विरळ झाले. यंत्रांच्या जगात नवे जुन्यास वाचू शकते. आमच्या घरांत मात्र उलटे होऊ पाहते आहे: आजीला नातवंडांची हिंदी-इंग्रजी बहुतेक कळते, पण नातवंडांना आजीची मराठी पुरती उलगडत नाही. कार्ड पलासियात काही शे रुपयांत मिळते. ते ऐकून समजणारा कान मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो घरीच, रोजच्या बोलण्यातून घडवावा लागतो.